नर्सचं स्टूल

अर्जात एक रकाना होता आणि तो रिकामा सोडता येत नव्हता. आजवर दिलेल्या सगळ्या परीक्षा, सगळे निकाल. नापास झाला असाल तर तेही. खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं की माहिती लपवल्याचं आढळल्यास प्रवेश रद्द होईल, कोर्सच्या कुठल्याही वर्षी.

कॉरिन ब्लँचर्डनं लिहिलं, जीवशास्त्र, डी. मग बराच वेळ कर्सरकडे बघत बसली आणि त्याखाली लिहिलं, रसायनशास्त्र, ई.

जानेवारीतला रविवार होता. स्वयंपाकघराच्या खिडकीवर वाफ धरली होती. तिची आई लोरेन टोस्टवर मार्माइटचा काळा खारट थर पसरत होती. लोरेन गोदीजवळच्या कारखान्यात माशांचे तुकडे खोक्यांत भरायची आणि स्वतः माशाला तोंड लावायची नाही.

"आजोबा त्या वर्षी गेले, असं लिही ना," लोरेन म्हणाली. "शोक झाला म्हणावं. शोकाला काही बोलत नाहीत ते लोक."

"ते पुढच्या एप्रिलमध्ये गेले, आई. परीक्षा आधीच्या जूनमध्ये होती."

"दहा महिन्यांनी काय होतंय? खोकत तर आधीपासूनच होते."

"आणि त्यांनी विचारलं तर?"

"मेलेल्या माणसाच्या नातीला तारीख कोण विचारतंय, बाई! तू फारच सरळ आहेस. म्हणून तर डी आला."

डी कशामुळे आला ते कॉरिनला नीट माहीत होतं. त्या वर्षी ती शनिवार-रविवार केकच्या दुकानात काम करायची आणि उरलेल्या दिवशी अभ्यास करतेय असं स्वतःलाच भासवायची. मूत्रपिंडावरचा नऊ गुणांचा प्रश्न आला होता. पाणी कुठल्या नळीतून कुठे शोषलं जातं हे तिनं सगळं लिहिलं, पण उलट्या दिशेनं. बाहेर आल्यावर कॉरिडॉरमध्येच तिला ते कळलं होतं. त्याला आता सात वर्षं झाली होती, आणि अजूनही नळाखाली हात धरला की कधी कधी ती नऊ गुणांची आकृती डोळ्यांसमोर यायची.

आता ती पंचवीस वर्षांची होती आणि ग्रिम्झबी या बंदराच्या गावातल्या एका दवाखान्यात डेंटल नर्स होती. डॉक्टर भोक पाडायचे, ती पाणी ओढायची. डॉक्टर आकडे सांगायचे, ती ते तक्त्यात भरायची. तिला हवं होतं ते तीन वर्षांचं शिक्षण, ज्यानंतर माणूस डेंटल थेरपिस्ट होतो, स्वतः दात साफ करतो, हिरड्यांवर उपचार करतो, साधी भोकं भरतो, लहान मुलांचे दुधाचे दात काढतो. गावात दंतवैद्य मिळत नव्हते. नवीन पेशंट घेणार म्हणून दवाखान्यानं एकदा जाहीर केलं, तेव्हा पहाटेपासून रांग वळसा घेऊन औषधाच्या दुकानापर्यंत गेली होती. त्या रांगेतली शंभर तरी माणसं थेरपिस्टच्या हातांनी बरी झाली असती. हे कॉरिननं अंदाजानं म्हटलेलं नव्हतं. तिनं महिनाभराच्या नोंदी काढून मोजलं होतं.

पण या कोर्सला तीन बी लागायचे, त्यातला एक जीवशास्त्रात. तळटीप होती की अनुभवी डेंटल नर्सच्या अर्जाचा स्वतंत्र विचार होईल. त्या तळटिपेवर तिनं पाच विद्यापीठांत अर्ज केला.

सोमवारी तिनं अर्जातलं निवेदन पॅनोसला दाखवलं. पॅनोस हा दवाखान्याचा मालक, थेसालोनिकीहून आलेला, पन्नाशीचा. पेशंटशी मऊ बोलायचा आणि यंत्रांशी भांडायचा. त्यानं चष्मा कपाळावर सरकवला आणि मोठ्यानं वाचलं.

"'मला जीवशास्त्रात डी मिळाला. कारण, मी पुरेसा अभ्यास केला नाही.' पोरी, हा अर्ज आहे की कबुलीजबाब?"

"तुम्हीच सांगता ना पॅनोस, नोंदीत नाही ते झालंच नाही म्हणून."

"ते पेशंटच्या नोंदींबद्दल!"

"आणि चूक झाली तर खोडरबर नाही. एक रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही आणि तारीख."

पॅनोसनं उसासा टाकला. "मग रेघ तरी मार. डी नंतर काय केलंस ते लिही. लाळेबद्दल लिही."

तिनं लाळेबद्दल लिहिलं. गोड खाल्ल्यावर तोंडातलं आम्ल काही मिनिटांत इतकं वाढतं की दाताचं आवरण विरघळू लागतं, आणि लाळेला ते पूर्ववत करायला अर्धा तास तरी लागतो; म्हणून किती साखर खाल्ली यापेक्षा किती वेळा खाल्ली हे महत्त्वाचं. हे ती शाळाशाळांत जाऊन सात वर्षांच्या मुलांना लाल आणि हिरव्या टोप्या वापरून समजावायची. प्रत्येक चॉकलेटला लाल टोपी, अर्ध्या तासानं हिरवी. एका मुलानं दिवसभरात एकोणीस वेळा लाल टोपी घातली आणि शेवटी म्हणाला, "मिस, माझ्या लाळेला सुट्टीच नाही की हो!"

हे तिनं जसंच्या तसं लिहिलं, आणि डीचं वाक्यही ठेवलं.

फेब्रुवारीत चार नकार आले. तीन एकेका ओळीचे, चौथा दोन ओळींचा. दुसऱ्या ओळीत शुभेच्छा होत्या. प्रत्येक वेळी फोन कपाटात थरथरायचा तेव्हा तिच्या हातांत मोजे असायचे आणि पुढ्यात कुणाचं तरी उघडं तोंड. पेशंट उठून जाईपर्यंत वीस-वीस मिनिटं थांबावं लागायचं. त्या वीस मिनिटांत तिची लाळ सुकायची. तोंड कोरडं पडणं हे भीतीचं साधं लक्षण आहे हे माहीत असून उपयोग नव्हता.

पाचवा मेल मुलाखतीचा होता.

त्यानंतरचे तीन आठवडे पॅनोसनं दुपारच्या सुट्टीत तिचा पिच्छा पुरवला. हात किती सफाईनं चालतात हे तिथे तपासतात, असं त्यानं कुठून तरी ऐकलं होतं. त्यानं तिच्याकडून तार वाकवून घेतली, साबणाच्या वडीतून दाढ कोरून घेतली. आरशात बघून कागदावरच्या चांदणीवर पेन्सिल फिरवायला लावली. पहिल्या दिवशी पेन्सिल कोपऱ्यावर अडकून थरथरत राहिली, कारण डोळे एक सांगत होते आणि हात दुसरं. बाराव्या दिवशी चांदणी एकोणीस सेकंदांत पूर्ण झाली. तिनं वेळांचा आलेख काढून फ्रिजवर लावला. लोरेन त्यावर खरेदीची यादी लिहू लागली.

"दात कोरून पोट भरत नाही म्हणतात," ती शेजारणीला फोनवर सांगत होती, "आमच्याकडे आता साबण कोरणं चाललंय."

मार्चमधल्या मुलाखतीला ती दोन गाड्या बदलून गेली. विद्यापीठाच्या लांब कॉरिडॉरमध्ये आठ बंद दारं होती. प्रत्येक दाराबाहेर एक खुर्ची आणि एक कागद. घंटा झाली की एक मिनिट कागद वाचायचा, दुसरी घंटा झाली की आत, सहा मिनिटांनी बाहेर आणि पुढच्या दाराकडे. शेजारच्या खुर्चीवर वेणी घातलेली अठराएक वर्षांची मुलगी होती.

"तुम्ही शिकवायला आहात का इथे?" तिनं विचारलं.

"नाही. तुझ्यासारखीच."

"सॉरी! म्हणजे तुम्ही वयानं मोठ्या दिसत नाही, फक्त... घाबरलेल्या दिसत नाही."

कॉरिननं आपले हात मांड्यांखाली दाबून धरले होते. "तुझे किती येणार म्हणतात शाळेत?"

"ए, ए, बी. तुमचे?"

घंटा झाली.

पहिली दोन दारं बरी गेली. एकात चिडलेल्या पेशंटचं सोंग घेतलेला नट होता. असे पेशंट तिला आठवड्याला तीन भेटायचे. दुसऱ्यात एक तक्ता वाचायचा होता. तिसऱ्या दारावरचा कागद वाचून तिला हसूच आलं. आत खुर्चीत प्लास्टिकचं डोकं आहे. वरच्या दातांच्या आतल्या बाजूला लाल ठिपके रंगवले आहेत. आरशात बघून ते शोधा आणि तक्त्यावर नोंदवा. आरसा! चांदणी!

घंटा. ती आत गेली. खरीखुरी दातांची खुर्ची, वर दिवा, खुर्चीत रबराचे गाल असलेलं डोकं. कोपऱ्यात करड्या केसांच्या बाई पॅड घेऊन बसल्या होत्या. त्यांनी फक्त नाव विचारलं. कॉरिननं मोजे चढवले, चष्मा लावला, स्टूल ओढलं, बसली. दिवा नीट तोंडावर आणला. उजव्या हातात सक्शनची नळी घेतली, तिच्या टोकानं गाल अलगद बाजूला केला. डाव्या हातात हवा-पाण्याची पिचकारी धरली. सगळं जागच्या जागी होतं. खोलीत शांतता होती, आणि तिला फार दिवसांनी हातांत बळ आल्यासारखं वाटलं.

ती थांबली.

बाईंचं पेन एकदा वाजलं. कॉरिन थांबून राहिली. प्लास्टिकच्या तोंडात लाळ नव्हती, ओढायला काही नव्हतं, तरी नळी बरोबर शेवटच्या दाढेमागे होती, जिथे पाणी साठतं. दिवा नीट आहे का हे बघायला तिनं सवयीनं समोर पाहिलं. दिवा नेहमी डॉक्टरच्या डोळ्यांसाठी लावायचा असतो. समोर, खुर्चीच्या उजव्या बाजूला, एक बुटकं स्टूल होतं.

त्यावर कुणीच नव्हतं.

ती कुणाची वाट बघत होती हे तिला कळायला आणखी एक क्षण गेला. ती नर्सच्या स्टुलावर बसली होती, पेशंटच्या डाव्या हाताला. हे स्टूल मुद्दाम उंच असतं. डॉक्टरच्या हातांवरून तोंडात बघावं लागतं म्हणून. पॅनोसकडचं तिनं एकदा मोजलं होतं, अकरा सेंटिमीटरनं उंच. सहा मिनिटांतलं जवळजवळ एक मिनिट तिनं डॉक्टर येण्याची वाट बघण्यात घालवलं होतं.

तिनं नळी अडकवली. नीट अडकली नाही, खाली लोंबकळली. खुर्चीला वळसा घालताना तिचा पाय पेडलवर पडला आणि डोकं अर्धवट उठून बसलं. ते तिनं पुन्हा झोपवलं. बुटक्या स्टुलावर बसली तेव्हा गुडघे भलत्याच उंचीवर आले. तेच बत्तीस दात, पण ओळखीच्या घरात मागच्या दारानं शिरल्यासारखे; सगळं होतं आणि काहीच जागेवर नव्हतं. आरसा धरला तर दिवा त्यावर चमकून डोळ्यांत आला. चांदणी शिकलेले हात कुठेतरी निघून गेले होते.

मग तिनं एक गोष्ट केली, तीही सवयीनंच. ती पुटपुटू लागली. "वर उजवी, सहा, ठिपका. वर उजवी, चार, ठिपका." सात वर्षं ती हे कानांनी ऐकून लिहीत आली होती. आता स्वतःच सांगितलं आणि स्वतःच ऐकून लिहिलं. पाच ठिपके झाले. सहावा असावा असं वाटलं, शेवटच्या दाढेच्या मागे. आरसा आत सरकवला आणि घंटा झाली.

बाहेर खुर्चीवर बसताना वेणीवाली मुलगी कुजबुजली, "सोपं होतं ना? सात ठिपके!"

शेवटच्या दारात दोघं जण होते, एक तरुण व्याख्याता आणि एक वयस्क बाई. प्रश्न अपेक्षित होता. हल्ली तुमच्याकडून झालेली एखादी चूक सांगा. या प्रश्नाचं उत्तर तिनं पॅनोससमोर नऊ वेळा म्हटलं होतं. एकाच वेळेला दोन पेशंट बोलावले गेले, मग तिनं वेळापत्रक कसं बदललं, वगैरे.

"गेल्या सप्टेंबरमध्ये आमच्या दवाखान्यात..." तिनं सुरुवात केली. आणि अडली. ते वाक्य तोंडात साबणासारखं लागत होतं. "थांबा. याहून ताजी आहे. अर्ध्या तासापूर्वीची."

तिनं सांगितलं. स्टूल, नळी, वाट बघणं. तरुण व्याख्याता खाली बघून हसू दाबत होता. बाई हसल्या नाहीत.

"किती वेळ गेला?" त्यांनी विचारलं.

"पन्नास सेकंद. पंचावन्नही असतील. घड्याळ माझ्या मागे होतं."

"मग काय केलंत?"

"बाजू बदलली."

"ठिपके किती सापडले?"

"पाच. एकूण सात होते असं कळलं."

"कुणाकडून कळलं?"

वेणीवाल्या मुलीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला. "बाहेर आल्यावर," ती म्हणाली. बाईंनी काहीतरी लिहिलं. इतका वेळ त्यांनी काही लिहिलं नव्हतं, त्यामुळे परतीच्या दोन्ही गाड्यांत कॉरिन त्याच एका ओळीचा विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी पॅनोसनं ऐकलं आणि तो खुर्चीच्या पाठीला धरून हसला. "दिवासुद्धा लावलास? त्या हवेतल्या डॉक्टरसाठी?" मग त्याचं हसू थांबलं. त्यानं आपल्या बुटक्या स्टुलाकडे पाहिलं. "तार वाकवून घेतली," तो म्हणाला. "साबण कोरून घेतला. आणि एकदाही म्हणालो नाही की इथे येऊन बस."

"मलाही सुचलं नाही."

"तुला सुचायचं नव्हतं. माझ्या बुडाखाली होतं ना ते."

एप्रिलमध्ये उत्तर आलं. नकार नव्हता आणि होकारही नव्हता. तिचं नाव राखीव यादीत होतं. ऑगस्टमध्ये शाळांचे निकाल लागल्यावर जागा रिकामी झाली तर कळवू. क्रमांक सांगता येणार नाही. कृपया आमच्या फोनची वाट पाहावी.

वाट पाहणं तिला येत होतं. मेमध्ये ती वाट बघत होती, जूनमध्ये वाट बघत होती. लोरेन रोज कारखान्यातून आली की केसांवरची जाळी काढत एकच शब्द विचारायची, "काही?" आणि उत्तर येण्याआधीच किटली लावायची. जुलैत कॉरिननं जीवशास्त्राचं जुनं पुस्तक माळ्यावरून काढलं आणि मूत्रपिंडाचं प्रकरण वाचलं. ते सोपं होतं. इतकं सोपं की तिला राग आला.

राखीव यादीत असण्याचा अर्थ तिला हळूहळू कळला. बावीस जणांना निकालाच्या अटीवर जागा मिळाल्या होत्या. त्यांच्यातल्या कुणाचे तरी मार्क कमी आल्याशिवाय तिचा नंबर लागणार नव्हता. म्हणजे ती ज्याची प्रार्थना करत होती, ते कुणाच्या तरी पेपरात आधीच लिहून झालेलं होतं. बाजूच्या खुर्चीवरची वेणी तिला आठवायची. ती मुलगी नको, असं ती मनात म्हणायची. मग दुसरं कुणीही चालेल असा त्याचा अर्थ होतो हे लक्षात येऊन मध्येच सोडून द्यायची.

निकालाच्या गुरुवारी ती पाचला उठली. घराची किल्ली सापडेना. कोटाचे खिसे, ब्रेडचा डबा, बाथरूम, सगळं धुंडाळून शेवटी लोरेनकडून तिची किल्ली मागून घेऊन निघाली. निकाल आठ वाजता जाहीर होणार होते. दवाखान्यात फोन कपाटात ठेवायचा नियम होता. पॅनोसनं त्या दिवसापुरता तो काउंटरवर, हातमोज्यांच्या खोक्यावर ठेवायची परवानगी दिली. आठ वाजले. साडेआठ. नऊला पहिला पेशंट आला, साडेनऊला दुसरा. प्रत्येक पेशंटमागे तिनं खुर्ची पुसली, दोन्ही स्टुलं पुसली, फोनकडे पाहिलं. पाणी ओढताना तिनं एकदा पेशंटची जीभच ओढली.

अकराला आणखी एक पेशंट गेल्यावर पॅनोसनं मास्क खाली केला. "फोन का करत नाहीस?"

"त्यांनी सांगितलंय, वाट बघा म्हणून."

"हो. दिवा लाव, गाल बाजूला धर आणि वाट बघ. येतीलच डॉक्टर."

तिला ते लागलं. तिनं मोजे काढून कचऱ्यात फेकले, फोन उचलला आणि एक्स-रेच्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

तिच्यापुढे रांगेत सव्वीस जण होते. मध्ये मध्ये पियानो वाजत होता. तिनं भिंतीवरच्या सूचना वाचल्या, मग पुन्हा वाचल्या. एकोणीस. अकरा. तिसऱ्यांदा वाचताना लक्षात आलं की एका ओळीत एक शब्द दोनदा छापलाय आणि सात वर्षांत तो तिला दिसला नव्हता. चार.

"नमस्कार, अर्ज क्रमांक सांगता का?"

तिनं सांगितला. पलीकडे की-बोर्ड वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

"कॉरिन? तुम्हाला दुपारनंतर फोन करायचाच होता. एक जागा झालीय. यादीत तुमच्या वरचे होते त्यांनी दुसरीकडे प्रवेश घेतला. तुम्हाला हवी आहे का?"

म्हणजे वाट बघितली असती तरी चाललं असतं. हा विचार तिच्या मनात आधी आला. उत्तर द्यायचंय हे नंतर आठवलं.

"हो," ती म्हणाली. "हो. माझा जीवशास्त्रात डी आहे. तुमच्याकडे नोंद आहे ना?"

"आहे," बाई म्हणाली. "तुम्ही फार ठळक लिहिलाय. सप्टेंबरआधी आमचा पायाभूत विज्ञानाचा अभ्यासक्रम ऑनलाइन पुरा करावा लागेल आणि त्याची परीक्षा द्यावी लागेल. सत्तर टक्के लागतील. ते झालं की जागा पक्की."

"परीक्षा?"

"फार अवघड नाही. पेशी, रक्त, मूत्रपिंड, तसलंच."

फोन ठेवल्यावर ती शिशाच्या ॲप्रनला टेकून उभी राहिली. तो थंड होता. तिनं आईला एका शब्दाचा मेसेज केला, "मिळाली", फोन कपाटात टाकला आणि खोलीत परत आली. पॅनोसनं मान वर केली. तिनं मान हलवली, होकारार्थी, पण इतकी लहान की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

"म्हणजे हो?"

"परीक्षा आहे. मूत्रपिंडावर."

पॅनोस ग्रीकमध्ये काहीतरी म्हणाला आणि तिच्या खांद्यावर जोरात थाप मारली. तेवढ्यात दार उघडून साडेअकराची पेशंट आत आली.

टिली नावाची मुलगी होती, अठरा वर्षांची. खालच्या डाव्या दाढेत भोक. तिचे डोळे आधीच सुजलेले होते. पॅनोसनं भूल दिली, ओठ जड होईपर्यंत थांबला आणि काम सुरू केलं. कॉरिन आपल्या उंच स्टुलावर बसली आणि तिनं नळी गालाआड सरकवली.

"आज निकाल ना गं तुमचा?" पॅनोसनं विचारलं. पेशंटच्या तोंडात दोन हात असताना प्रश्न विचारायची त्याची जुनी खोड होती.

टिली काही बोलू शकत नव्हती. तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यांतून पाणी निघालं आणि आडवी झोपलेली असल्यामुळे थेट कानांत गेलं. कॉरिननं डाव्या हातानं कागदी रुमाल घेऊन आधी एका बाजूचं टिपलं, मग दुसऱ्या. उजव्या हातातली नळी हलली नाही. असे डोळे तिनं पूर्वीही टिपले होते, दुखण्याचे, भीतीचे. आज तिला पहिल्यांदाच वाटलं की आपण टिपतोय त्या पाण्यात आपला हात आहे. तसं नव्हतं. टिलीनं कशासाठी अर्ज केला होता हेही तिला माहीत नव्हतं. तरी वाटलं.

काम संपलं. टिली उठून बसली, तिनं चूळ भरली. अर्धं पाणी हनुवटीवरून ओघळलं.

"मानशशाश्त्र," ती जड जिभेनं म्हणाली. "प्रवेश गेला. डी आलाय."

"माझा जीवशास्त्रात डी होता," कॉरिन म्हणाली. "आणि रसायनशास्त्रात ई."

टिलीनं तिच्याकडे पाहिलं. गणवेश, मास्क, हातातला ओला रुमाल. "मग?"

सगळं ठीक होतं, असं म्हणता आलं असतं. पॅनोस तेच म्हण अशा नजरेनं बघत होता.

"मग सात वर्षं," कॉरिन म्हणाली. "आणि आता पुन्हा परीक्षा."

"अगं, घाबरवतेस काय तिला!" पॅनोस ओरडला.

टिलीनं मनात हिशेब केला. तो तिच्या चेहऱ्यावर दिसला. "म्हंजे मी पंचवीश," ती म्हणाली, आणि तिला हसू आलं, पण उजव्याच बाजूनं. डावी बाजू अजून बधीर होती.

"दोन तास गरम काही पिऊ नकोस," कॉरिन म्हणाली. "आणि गाल चावू नकोस. बधीर असताना कळत नाही, नंतर दुखतं."

टिली गेल्यावर तिनं खुर्ची पुसली. नोंद लिहिली. मग कपाट उघडून फोन पाहिला. कारखान्यातल्या सुट्टीतून लोरेनचं उत्तर आलं होतं.

"कुठे होती? ब्रेडच्या डब्यात ना?"

कॉरिननं लिहायला घेतलं, किल्ली नाही गं. मग बाराचा पेशंट आत आला आणि तिनं फोन ठेवून मोजे चढवले.